गुणवंतराव आणि लाउंजमधली थैली

'गुणवंतराव देवाजी भोयर, खाजगी गुप्तहेर. नजर तीक्ष्ण, बुद्धी त्याहून तीक्ष्ण, बोलणे मोजके. गुंतलेली प्रकरणे सोडवून मिळतील.'

चंद्रपूरच्या एका छापखान्यात, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेतून उरलेल्या जाड कार्डांवर हा मजकूर छापून घेतला होता, त्यामुळे वरच्या कोपऱ्यात सोनेरी गणपतीही होता. वारलूच्या मते या कार्डावर गणपती आणि नाव एवढ्याच दोन गोष्टी विश्वास ठेवण्याजोग्या होत्या. पण वारलू हा गुणवंतरावांचा सहायक होता, आणि सहायकाचं मत विचारण्याची पद्धत गुणवंतरावांकडे नव्हती.

पोटापाण्यासाठी गुणवंतराव ऊर्जानगरच्या वीज केंद्रात, स्टोअरमध्ये, नट-बोल्ट देण्याघेण्याचं काम करत. उरलेला सगळा वेळ ते गुन्ह्यांना देत. अडचण अशी होती की ऊर्जानगरात गुन्हे फार होत नसत. गेल्या वर्षी एका क्वार्टरमधली कोंबडी नाहीशी झाली, तेव्हा गुणवंतरावांनी तिघांवर संशय घेतला, त्यांतल्या एकाशी हातघाईवर आले, आणि बऱ्याच दिवसांनी कोंबडी स्वतःच पिलं घेऊन कोळशाच्या ढिगामागून परत आली. 'आरोपी शरण आला' असं म्हणून त्यांनी ती केस बंद केली. वारलू कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर फिटर होता. सहायक म्हणून त्याची निवड होण्याचं कारण, त्याच्या सायकलला दणकट कॅरिअर होतं. गुणवंतरावांना मागे बसून विचार करायला ते बरं पडे.

अशा या जोडीला त्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, मुंबईला विमानतळावर जायचा योग आला. गुणवंतरावांचा भाचा श्रीहरी टर्बाइनच्या विभागात होता. त्याची सहा महिन्यांच्या शिक्षणासाठी जर्मनीला निवड झाली. सावली नावाच्या गावाजवळच्या त्याच्या खेड्यातून आजवर सगळ्यात लांब गेलेला माणूस नागपूरला जाऊन आला होता. निवडीच्या कागदावर श्रीहरीच्या खाली बापूराव नावाच्या दुसऱ्या माणसाचं नाव होतं. ठरलेल्या विमानात श्रीहरी बसला नाही तर बापूराव जाणार, असा वरून हुकूम होता, आणि बापूरावांनी त्या आशेवर नवा सूटही शिवून ठेवला होता. त्यामुळे श्रीहरीनं पासपोर्ट आणि तिकीट एका खाकी कापडाच्या थैलीत घालून ती गळ्यात बांधली. अंघोळीलाही तो ती थैली दाराच्या खिळ्याला, नजरेसमोर टांगत असे.

पोहोचवायला चौघं निघाली. श्रीहरीची आई गिरजाबाई, बायको चंदा, मामा म्हणून गुणवंतराव, आणि ट्रंक उचलायला वारलू. श्रीहरीच्या तिकिटाबरोबर एक गुळगुळीत कार्ड आलेलं होतं, ते दाखवलं की विमानाची वेळ होईपर्यंत खास दालनात बसता येतं म्हणे. त्या दालनाला लाउंज म्हणतात हे गुणवंतरावांनी आगगाडीत सगळ्यांना तीनतीनदा समजावलं. दारावरच्या पोरीनं कार्ड एकाचं आणि माणसं पाच पाहून मान हलवली. गुणवंतरावांनी स्वतःचं कार्ड पुढे केलं. ते तिनं वाचलं की नाही कोण जाणे, पण तोवर ट्रंक, गाठोडं आणि मुरमुऱ्याचं पोतं दारात असं काही अडकलं होतं की मागच्या साहेबलोकांना आत घ्यायचं तर आधी या मंडळींना आत घेणं भाग होतं.

आत पाऊल टाकताच सगळी थबकली. खाली गालिचा होता. एवढ्या चांगल्या गालिच्यावर चपला घालून चालायचं कुणाच्या मनातही आलं नाही. दाराशी पाच जोड ओळीनं मांडले गेले. थोड्या वेळानं आलेल्या एका गोऱ्या जोडप्यानं ती ओळ पाहिली, ती दोघं आपसात कुजबुजली, आणि त्यांनीही बूट काढून ओळीत ठेवले. दुपारपर्यंत तिथे देवळाबाहेर असतात तेवढे जोड जमले होते.

मेजावर चहा, संत्र्याचा रस, पातळ पावाचे त्रिकोणी तुकडे असं बरंच काही मांडलं होतं. ते फुकट आहे असं वेटर सांगत होता. गुणवंतरावांनी सगळ्यांना डोळ्यांनी खुणावलं. फुकट कुणी काही देत नाही, हे ते स्टोअरमध्ये राहून शिकले होते. मग गिरजाबाईंनी गाठोडं सोडलं आणि काचेच्या बुटक्या टेबलावर भाकरी, ठेचा आणि जवसाची चटणी मांडली. वारलूनं मात्र गुणवंतरावांची पाठ वळल्यावर रस पिऊन पाहिला. तो गार आणि गोड होता, आणि पैसे मागायला खरंच कुणी आलं नाही. मग तो अधूनमधून उठू लागला.

गिरजाबाई जेवल्या नाहीत. त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती. मध्येच त्यांनी वारलूला विचारलं, इथं सूर्य कोणीकडे मावळतो. वारलूनं खिडकीतून अंदाज घेतला आणि पलीकडच्या दाराकडे बोट दाखवलं. त्या दाराला लागून चहापाण्याची छोटी खोली होती, आणि तिच्यावरून जाणाऱ्या वाटेनं प्रवाशांना पुढे तपासणीला नेत. गिरजाबाईंनी मान डोलावली. म्हाताऱ्या माणसाला दिशा लागतात, असं म्हणून वारलू परत रसाकडे गेला.

आगगाडीत रात्रभर श्रीहरीला झोप नव्हती. घामानं थैलीची दोरी मानेला टोचायला लागली, तेव्हा त्यानं ती काढून शेजारी सोफ्यावर ठेवली, तिच्यावर हात ठेवला, आणि त्या मऊ सोफ्यानं त्याला गिळून टाकलं. जागा झाला तेव्हा आई आणि चंदा हातपाय धुवायला गेल्या होत्या, आणि हाताखाली थैली नव्हती.

त्यानं गाद्या उचलल्या, सोफ्याखाली वाकून पाहिलं, ट्रंक उपसली. मग तो गुणवंतरावांजवळ आला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"मामा, थैली नाई."

पोलिसांना सांगावं, दारावरच्या पोरीला विचारावं, असं वारलू म्हणाला. गुणवंतरावांनी हात वर करून त्याला थांबवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या वाट्याला कोंबडीहून मोठी केस आली होती, आणि ती काही ते पोलिसांच्या घशात घालणार नव्हते.

"पहिली गोष्ट," ते म्हणाले, "बायांले यातलं काईच सांगाचं नाई. बाया रडतीन, आन रडारडीत पुरावे वाहून जातीन."

श्रीहरीला ते पटलं, कारण आईसमोर हे बोलायची त्याची छाती नव्हती. धान रोवायला दुसऱ्यांच्या शेतातल्या बांध्यांत उतरून तिनं त्याला शिकवलं होतं. बायका परत आल्या तेव्हा तिघंही पुरुष खिडकीतून विमानं बघितल्यासारखं करत होते. श्रीहरीच्या गळ्यातली थैली दिसत नव्हती खरी, पण त्यानं कोट घातला होता आणि बटणं वरपर्यंत लावली होती.

गुणवंतरावांचा पहिला संशय कोपऱ्यातल्या गोऱ्या माणसावर गेला. तो तोंडावर टोपी घेऊन पसरला होता आणि मंडळी आल्यापासून हललेला नव्हता.

"झोपलेला मानूस कड बदलते," गुणवंतराव कुजबुजले. "हा काऊन बदलून नाई राह्यला? कारन हा जागा हाय. आन थैली त्याच्या अंगाखाली हाय."

वारलूला त्याच्या अंगाखाली हात घालायला पाठवलं गेलं. वारलूनं आयुष्यात पुष्कळ नको त्या ठिकाणी हात घातले होते, पण ते सगळे यंत्रात. तो गुडघ्यावर बसला, हात सरकवला, आणि साहेबानं टोपी उचलून त्याच्याकडे पाहिलं. मग साहेब खिशातून पेपरमिंटची एक गोळी काढून वारलूच्या तळहातावर ठेवून पुन्हा झोपला. या वेळी त्यानं कडही बदलली. खाली काही नव्हतं.

गुणवंतराव खचले नाहीत. त्यांनी दुसरा सिद्धांत मांडला. फुकट रसात गुंगीचं औषध असणार, म्हणूनच श्रीहरीला अशी झोप लागली, आणि फुकट वाटण्यामागचं गौडबंगाल हेच. वारलूला यात एक खोट दिसत होती. श्रीहरीनं रसाचा थेंबही घेतलेला नव्हता, आणि तो स्वतः तर पोट तुडुंब होईपर्यंत प्यायला होता. पण तसं सांगायचं तर प्यायल्याचं कबूल करावं लागलं असतं. गुणवंतराव चहाच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले आणि वेटरची उलटतपासणी करू लागले. तो कुठला, घरी कोण कोण, संत्री कुठून आणता, नागपूरची का. वेटर बिचारा सगळं सांगत होता. आत फळीवर साखरेच्या डब्याशेजारी एका बाईनं कपबशा रचायला घेतल्या होत्या. गुणवंतरावांनी तिच्याकडे एक तीक्ष्ण नजर टाकली आणि हिचा काही संबंध नाही असं ठरवून टाकलं.

तेवढ्यात छतातल्या भोंग्यातून जर्मनीच्या विमानाची पहिली सूचना झाली. श्रीहरी उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला. बापूरावांचा नवा सूट त्याला डोळ्यांसमोर दिसत असावा.

आणि नेमका तेव्हाच गुणवंतरावांना खराखुरा पुरावा सापडला. सोफ्याच्या फटीत तांदळाचे दाणे होते. त्यांनी ते चिमटीत धरले, उजेडात नेले, एक दाणा दातांखाली फोडला.

"लुचई," ते कुजबुजले. "हा तांदूळ मुंबईचा नाई. हा आपल्याकडचा हाय. वारलू, चोर सावलीकडचा हाय."

गुणवंतरावांच्या आयुष्यात इतका अचूक तर्क पूर्वी कधी झाला नव्हता आणि पुढेही झाला नाही. सावलीकडची म्हातारी त्यांच्यापासून दोन हातांवर बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. पण ती त्यांची थोरली बहीण होती, आणि बहिणीवर संशय घेणं शास्त्रात बसत नव्हतं. मग सावलीकडचं दुसरं कोण आहे याचा त्यांनी विचार केला. त्यांची नजर फिरत फिरत आली आणि वारलूवर थांबली.

"तुहं गाव कोनतं?"

"भाऊ, तुमाले मालूम हाय."

"सांग तरी."

वारलूनं सांगितलं. ते सावलीपासून फार तर अर्ध्या दिवसाच्या चालीवर होतं.

"खिसे दाखव," गुणवंतराव म्हणाले.

वारलूनं खिसे उलटे केले. गोऱ्या साहेबाची गोळी, विडीचं बंडल आणि घरची किल्ली एवढंच निघालं. पण इतकी वर्षं ज्याला कॅरिअरवर बसवून चढावर दम टाकत पायडल मारलं, त्या माणसानं परक्या गावात, साहेबलोकांसमोर आपले खिसे उलटे करायला लावावेत, हे वारलूच्या फार जिव्हारी लागलं. त्यानं गोळी काढून टेबलावर ठेवली. त्याची बायको सुगंधाबाई त्याला या नादाबद्दल खुळा म्हणे, तेव्हा तो हसण्यावारी नेई. आज तिचं म्हणणं त्याला शब्दन् शब्द पटलं.

"मी चाललो खाली," तो म्हणाला. "टरंक तुमीच आना."

हे मात्र चंदानं ऐकलं. इतका वेळ ती नवऱ्याकडे बघत होती. महिनाभर दर घटकेला त्याचा हात छातीवर जाऊन थैली चाचपायचा, झोपेतसुद्धा. आता तो हात नुसता मांडीवर पडून होता. तिनं उठून सरळ त्याच्या कोटाचं वरचं बटण सोडलं. गुणवंतराव 'सूनबाई, सूनबाई' म्हणेपर्यंत श्रीहरीनं तिला सगळं सांगून टाकलं होतं.

चंदा रडली नाही. पुरावे वाहून जातील असं काहीच तिनं केलं नाही. ती सासूकडे वळली.

"आत्याबाई, यायची थैली पाह्यली काजी तुमी?"

"पाह्यली म्हंजे?" गिरजाबाई म्हणाल्या. "मीनंच तं ठेवली."

सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. गिरजाबाईंना कळेना की यात एवढं बघण्यासारखं काय आहे. गावच्या जोशानं घर सोडायचा एक मुहूर्त दिला होता आणि देश सोडायचा दुसरा, तो बाराच्या आतला. जोशाला विमानांची काही माहिती नव्हती, पण त्यानं तसं जाणवू दिलं नव्हतं. विमान तर दुपारचं. मग अशा वेळी सगळे करतात तेच त्यांनी केलं होतं. त्यांनी परस्थान ठेवलं होतं. वेळ चांगली असून निघणं पुढे असलं, की जाणाऱ्याची एखादी वस्तू, बरोबर तांदूळ-सुपारी, जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. म्हणजे माणूस निघाला असं धरतात. खरा निघताना त्यानं ती वाटेत उचलायची. सोफ्यावर आपलं बिऱ्हाड होतं, म्हणजे ते घर. जर्मनी मावळतीकडे, आणि त्या बाजूला चहाची खोली, म्हणजे दुसऱ्याचं घर. तिथे कपबशा रचणारी केसरबाई कोकणातली होती, तिच्या गावीही असंच करत. तिनं काही न विचारता थैली साखरेच्या डब्याशेजारी ठेवून घेतली होती.

"मंग सांगाचं नाई काजी?" गुणवंतराव म्हणाले.

"इचारलं कोनं?" गिरजाबाई म्हणाल्या. "तुमी तिघंबी इमानं पाहून राह्यले होते."

भोंग्यातून श्रीहरीचं नाव पुकारलं गेलं. उच्चार असा झाला की बाकी कुणाला ते आपलं वाटलं नसतं, पण श्रीहरी धावत सुटला. केसरबाईनं दारातच थैली पुढे केली. वरच्या तांदळाचे दोन दाणे गालिच्यावर सांडले. त्यानं थैली गळ्यात घातली, छातीवर हात ठेवून पाहिलं, आणि मग त्याला आठवलं की अजून कुणाचा निरोपच घेतलेला नाही. तो मागे वळला.

"नाई," गिरजाबाई सोफ्यावरूनच म्हणाल्या. "उचललं का मांगं याचं नसते."

श्रीहरी टर्बाइनवरचा माणूस होता. मुहूर्तबिहूर्त तो मानत नसे. तरी त्याचं पाऊल पुढे पडेना. आई पंधरा-वीस हातांवर बसली होती, पण आपण एखाद्या नदीच्या पलीकडे उभे आहोत असं त्याला वाटलं असावं. तो तिथेच, चहाच्या गाडीची वाट अडवून खाली वाकला आणि गालिच्यावर डोकं टेकलं. केसरबाईनं गाडी मागे ओढून धरली. गिरजाबाईंनी बसल्या जागेवरून हात वर केला. चंदा तेवढी ट्रंक ढकलत त्याच्यापर्यंत गेली. परस्थानाचा नियम बायकोला लागू नसावा, किंवा असला तरी ती तो पाळणार नव्हती. दोघं वाटेनं दिसेनाशी झाली आणि थोड्या वेळानं चंदा एकटी परत आली, डोळे पुसत.

विमान गेलं. खिडकीतून कुठलं ते नीट कळलं नाही, म्हणून त्यांनी दिसेल त्या प्रत्येक विमानाला हात केला.

गुणवंतरावांनी घसा साफ केला. चोर सावलीकडचा आहे हे आपण आधीच सांगितलं होतं, हे त्यांनी सगळ्यांच्या नजरेस आणून दिलं. मग ते, खाली न जाता दाराशीच थांबलेल्या वारलूसमोर जाऊन उभे राहिले. टेबलावरची गोळी उचलून त्यांनी ती त्याच्या खिशात घातली, आणि वर खिसा थोपटला. गुणवंतरावांकडून याहून मोठी माफी मिळत नसते हे वारलूला ठाऊक होतं. लगेच खूश व्हायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं, पण ते त्याला सायंकाळपर्यंतही जमलं नाही.

गिरजाबाई मात्र अजून त्या दाराकडे बघत होत्या. गुणवंतराव त्यांच्याजवळ खाली गालिच्यावर बसले. बराच वेळ त्यांनी एकही तर्क केला नाही. मग, कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी उत्तर आधी न ठरवता एक प्रश्न विचारला.

"बाई, परस्थानाले तं दुपट्टाबी चालते. रुमाल चालते. तू थैलीच काऊन ठेवली?"

गिरजाबाईंनी पदर सारखा केला.

"दुपट्टा असता, तं पोरगा तो उचलाचं इसरून माह्याजवळ आला असता," त्या म्हणाल्या. "जवळ आला असता, तं मीनं त्याले जाऊच देल्लं नसतं."